मदत हवी आहे: भुसावळात राहून फुटबॉल कोच म्हणून संसार चालेल का?

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून लिहू लिहू करत होतो. काल पुण्याहून कोचच्या नोकरीसाठी फोन आला, पंधरा तारखेच्या आत हो-नाही कळवायचंय, म्हणून आज बसलोच. जरा लांबेल, पण पूर्ण वाचून मग सांगा.

वय २७. गाव यावल तालुक्यात, घरी केळीची बाग, वडील आणि दादा शेती बघतात. मी शिकायला भुसावळला मामांकडे राहिलो. संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर मोठी पोरं खेळायची, त्यांचा बाहेर गेलेला चेंडू आणून देता देता मीही खेळायला लागलो. विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलो, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. पुढच्या वर्षी गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतला स्नायुबंध, तुटलं. मुरगळला असेल म्हणून दोन महिने शेकत बसलो, ऑपरेशनला उशीर झाला आणि खेळणं तिथेच संपलं.

कोच व्हायचं मात्र त्याच्या आधीच डोक्यात बसलं होतं. १५ सप्टेंबर २०१७ आठवतो का? सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात भरणार होता आणि त्याआधी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' म्हणून राज्यभर एकाच दिवशी शाळाशाळांत फुटबॉल खेळवला होता. मी तेव्हा कॉलेजात, गावच्या जिल्हा परिषद शाळेत मदतीला गेलो होतो. पाचवीतली एक मुलगी, चेंडूला आयुष्यात पहिल्यांदा पाय लावत होती. तासाभराने तिने चेंडू तळपायाखाली थांबवला, मान वर केली, मोकळी मैत्रीण शोधली आणि तिच्याकडे पास दिला. मान वर करायला मी शिकवलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सध्या एका खासगी शाळेत करारावर खेळ घेतो. महिना १४ हजार, तेही दहा महिने. मे-जून कोरडे जातात. संध्याकाळी माझी ३४ पोरं येतात. फी ३००, ज्याला जमत नाही त्याच्याकडे मागत नाही. निम्मी रेल्वेवाल्यांची, बाकी हातगाडीवाल्यांची, हमालांची. मैदान काळ्या मातीचं. पावसात घोट्यापर्यंत चिखल, उन्हाळ्यात भेगा इतक्या रुंद की लहान पोराचा पाय अडकतो, म्हणून मे महिन्यात सराव सकाळी सहा ते सव्वासातच.

पुण्याची एक अकादमी १३ वर्षांखालच्या संघासाठी सहायक कोच म्हणून बोलावतेय. २२ हजार आणि खोलीत दोघे. वडील म्हणतात, "जायचं तर जा, पण काय ते एकदा ठरव, हे अधांतरी नको." त्यांचं चूक नाही.

मला एवढंच विचारायचंय. कोचिंगच्या लायसन्सची सुरुवात नेमकी कुठून करू? पुण्याला गेलो तर खरंच शिकायला मिळेल का? आणि इथे राहून, पस्तिशीपर्यंत घर चालेल एवढं या कामातून उभं राहू शकतं का? मित्र मला जर्मन कोच नागेल्समानचं उदाहरण देतात, गुडघ्यानेच खेळणं सुटलं आणि २०१६ मध्ये २८ व्या वर्षी हॉफेनहाइम क्लबचा मुख्य कोच झाला. मला ती गोष्ट पाठ आहे. पण त्याच्या पाठीशी जर्मनीतल्या क्लबांची युवा व्यवस्था होती, माझ्याकडे आठ चेंडू आहेत.

प्रतिसाद: गोदाकाठ (नाशिक)

भाऊ, आधी लायसन्सची शिडी समजून घ्या. खाली ई प्रमाणपत्र, मग डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. डी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं. महाराष्ट्रात हे कोर्स विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या मार्फत होतात. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य कोच व्हायला प्रो लागतं. तुम्ही डीपासून सुरू करा. त्यासाठी मोठ्या क्लबात खेळलेलं असावं लागत नाही, गुडघ्याची काळजी सोडा. तिथे तुमचं ड्रिबलिंग कोणी बघत नाही. एक विषय देतात, समजा 'दबावाखाली चेंडू घेणं', आणि तुम्ही सराव कसा मांडता, कुठे खेळ थांबवता, पोरांशी काय बोलता ते बघतात. बहुतेक जण तिथे खूप बोलतात आणि गुण घालवतात. पोरांना विचारा, उत्तर त्यांना शोधू द्या.

माझी चूक सांगतो, तुमच्या कामी येईल. मी डी केलं आणि नंतर तीन वर्षं सोसायट्यांमधल्या लहान मुलांच्या फिटनेस बॅच घेतल्या. पैसे बरे होते. सीची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की तीन वर्षांत मी एकही संघ सामन्याला उतरवला नव्हता. कोर्सला सगळे आपापल्या संघाबद्दल बोलत होते आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. तुमची ३४ पोरं ही तुमची पुढच्या लायसन्सची तयारी आहे, त्यांना सामने खेळवा. आजपासून वही ठेवा: तारीख, किती आले, काय शिकवलं, काय फसलं.

आणि वरच्या पायऱ्यांवर जायचं असेल तर बिऱ्हाड पाठीवर घ्यायची तयारी ठेवा. खालिद जमील यांनी २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली, २०२५ मध्ये ते भारताचे कोच झाले. मधल्या काळात ईस्ट बंगाल, मोहन बागान, नॉर्थईस्ट, जमशेदपूर. कोलकात्यातले दोन्ही मोठे क्लब, मग ईशान्य, मग झारखंड. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा.

प्रतिसाद: पांझराकाठ (धुळे)

बेटा, मी तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालो. तुझं लिहिणं वाचून माझी उमेदवारी आठवली.

लायसन्स घे, पण त्याच्या जोडीला बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी कर. दोन वर्षं जातात, जाऊ दे. पदवी, बी.पी.एड. आणि टीएआयटी या शिक्षक अभियोग्यता चाचणीचे गुण असतील तर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून अनुदानित शाळेत लागण्याची वाट उघडते. जागा कमी निघतात, मला माहीत आहे, तरी वाट आहे. मग मैदान, वेळ, पोरं आणि पगार एका जागी मिळतात. शिक्षकाची नोकरी म्हणजे कोचिंग सोडणं असं समजू नकोस. सय्यद अब्दुल रहीम हैदराबादेत शाळामास्तर होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताला सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक, हे सगळं त्या मास्तरांच्या हाताखाली झालं. मी दरवर्षी आठवीच्या पोरांना त्यांच्याबद्दल सांगायचो.

दुसरं, सुब्रतो कप ही शाळांची फुटबॉल स्पर्धा सोडू नकोस. जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. आपल्याकडे हे सामने ऐन पावसाळ्यात येतात. जळगाव-धुळ्याची पोरं विभागाला गेली की पहिल्या वीस मिनिटांतच दमतात, कारण चिखलात लांब पास मारत सुटतात. जूनपासूनच ओल्या मैदानावर छोटे पास आणि अंग मध्ये घालून चेंडू राखणं शिकव. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना चार नंबरचाच, म्हणजे जरा लहान चेंडू दे. पाच नंबरने त्यांची लाथ बिघडते, पुढे सुधारता सुधारत नाही.

प्रतिसाद: सातपुडामाची (नंदुरबार)

दादा, मी धडगाव भागात आश्रमशाळेत शिकवते. लायसन्सचं मला फार कळत नाही, पण मुलींबद्दल सांगते. तुमच्या ३४ मध्ये मुली किती ते लिहिलं नाहीत.

आमच्या पावरा मुली डोंगर चढून-उतरून मोठ्या होतात, दमछाक काय ते त्यांना माहीत नाही. चेंडू मिळाला की दुपारपर्यंत खेळतात. आमच्याकडे अडचण वेगळी आहे. दिवाळीनंतर घरची मंडळी ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघतात आणि काही मुली सोबत जातात. होळीच्या दिवसांत सगळ्याच घरी जातात. मार्चमध्ये अकरा जणी उभ्या राहत नाहीत. म्हणून आम्ही वर्षाची आखणी जून ते ऑक्टोबर अशीच करतो, बाकीच्या महिन्यांत पाच-पाच जणींचे छोटे सामने.

कोच यावा म्हणून आम्ही दोन वर्षं वाट पाहतोय. पुण्या-मुंबईचे येतात, दोन दिवस शिबिर घेतात, फोटो काढतात, जातात. महिन्यातून एक रविवार इकडच्या भाषेत बोलणारा कोणी आला तर मुली धावत येतील. आणि मुलींना शिकवणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि प्रवासात सोबत एक बाई असू द्या. हे पहिल्या दिवसापासून पाळलं तर आईबाप पोरी पाठवतात.

प्रतिसाद: मुठेकाठचा अमळनेरकर

भो, मी पाच वर्षांपासून पुण्यात हेच काम करतो. २२ हजारात खोली देत असतील तर भाव ठीक आहे. पण हो म्हणायच्या आधी फोनवर एवढं विचार: मुख्य कोचकडे कोणतं लायसन्स आहे? संघ वर्षाला किती अधिकृत सामने खेळतो? डी कोर्सचे पैसे कोण भरणार, आणि ते भरत असतील तर किती वर्षं बांधून घेणार? सरावाची आखणी करताना तुला बसवणार की नाही?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माझं पहिलं वर्ष मैदानावर प्लास्टिकचे शंकू मांडण्यात, सरावाची बिबं (संघ ओळखायची बनियनं) धुण्यात आणि फीची आठवण करून देण्यात गेलं. ज्या वर्षी ए लायसन्सवाल्या सरांच्या हाताखाली गेलो, त्या सहा महिन्यांत जे शिकलो ते आधीच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. मुख्य कोच चांगला असेल तर डोळे मिटून ये, माझ्याकडे उतर, शेवभाजी मी करतो. नसेल तर भुसावळात तू स्वतः मुख्य कोच आहेस, ते सोडून येऊ नको.

आणि तुझ्या गुडघ्यावरून आठवलं. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, गुडघे-घोट्याच्या दुखापती कमी करायलाच बनवलेला. महागडं साहित्य काही लागत नाही. तुझ्या मोठ्या पोरांना नेहमी कर. भेगाळलेल्या मैदानावर तर करच.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मामा-मामींना सगळं वाचून दाखवलं.

अमळनेरकर भो, सकाळीच फोन लावला. मुख्य कोच अजून ठरलेला नाही म्हणाले, डीचे पैसे माझे, आखणी "वरून येईल". त्यांना नम्रपणे नाही कळवलं. तुमच्याकडे मात्र येणार, त्या सरांचा सराव मैदानाबाहेर उभा राहून आठ दिवस बघायचाय. चालेल का विचारून ठेवाल?

गुरुजी, बी.पी.एड.चा अर्ज यंदा भरतो. प्रवेश मिळाला तर शाळेचा करार सुटेल. वडिलांनी दोन वर्षं केळीच्या पैशांतून हातभार लावायचं कबूल केलंय. मी वही मांडून पुढच्या सात वर्षांचं सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच मध्ये काही बोलले नाहीत, फक्त "पोरं किती म्हणालास?" असं विचारलं. डीसाठी विफाच्या पुढच्या कोर्सवर लक्ष ठेवतोय. गोदाकाठ, वही आजच सुरू केली. पहिली नोंद: २९ आले, थांबवून बोललो सात वेळा, जास्त झालं.

ताई, मुली फक्त चार आहेत. हे लिहिताना मलाच वाईट वाटलं. धडगावला ऑगस्टमधला पहिला रविवार पक्का धरा, एसटीची वेळ तेवढी कळवा.

आता एक शेवटची मदत हवी. माझा गोलकीपर १३ वर्षांचा, आई भाजी विकते. त्याला राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीच्या (सरकारी निवासी क्रीडा केंद्राच्या) निवड चाचणीला न्यायचंय. हात असे आहेत की पाच नंबरचा चेंडू एका पंजात धरतो. पण जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव चुकलंय आणि शाळेच्या दाखल्यावर बरोबर आहे. उद्या नगरपालिकेत जायचंय. सोबत काय काय कागद न्यावे लागतात, आणि वडील हयात नसतील तर आईचं प्रतिज्ञापत्र चालतं का? कोणी हे काम केलं असेल तर आज रात्रीच सांगा, तिला उद्याचा एकच दिवस बाजारातून सुट्टी घेता येणार आहे.