चोणक, तांबोशी हे मासे किती इंचाखालचे सोडायचे? ग्रुपच्या नवीन नियमांवर मतं पाहिजेत

गोदाकाठ_पैठण

नमस्कार मंडळी. पैठण, संभाजीनगर आणि जालना मिळून आम्ही चौदा जण आहोत, एरवी गोदावरीवर गळ टाकतो आणि वर्षातनं दोनदा रात्रभर गाडी चालवून सिंधुदुर्गात खाडीवर नाहीतर खडकावर जातो. मागच्या डिसेंबरला एक गोष्ट झाली ती अजून डोक्यातनं जाईना. आमच्यातल्या दोघांनी दोन संध्याकाळींत मिळून अकरा चोणक काढले आणि सगळे वीतभर नाहीतर त्याहून थोडे मोठे, एकाचंही वजन पाऊण किलोच्या पुढं नसंल. सगळे आइसबॉक्समधे टाकले. ज्यांच्या होडीतनं आम्ही जातो ते काका बॉक्समधे बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी येशात तेव्हा काय धरशात?" आम्हाला कोणाला उत्तर देता आलं नाही.

तर आता आम्ही ग्रुपपुरते नियम लिहून काढायलोत. मी मांडलेलं असं आहे की जून-जुलैला समुद्रावर जायचंच नाही, चोणक सोळा इंचाखालचा आणि तांबोशी बारा इंचाखालची असली की जागेवर सोडायची आणि माणशी दिवसाला दोनच मासे ठेवायचे. अर्ध्या लोकांना पटलंय, अर्धे म्हणायलेत की सरकारची पावसाळी मासेमारीबंदी होड्यांना आहे, काठावरच्या माणसाला नाही, मग आपण कशाला बांधून घ्यायचं. जे समुद्रावर जाऊन आलेत त्यांनी कृपया सांगा, आकडे बरोबर आहेत का?

विष्णुपुरी_रॉड

दादा तुमचा हेतू चांगला आहे पण मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. आम्ही नांदेडहून निघतो, डिझेल, टोल, राहणं सगळं धरून माणशी पाच-सहा हजार जातात, दोन दिवसात कधी कधी एकच मासा लागतो आणि तो पण पंधरा इंचाचा निघाला तर पाण्यात सोडून रिकाम्या हातानं घरी यायचं का? घरी पोरं बॉक्स उघडायची वाट बघत असतात हो. आणि तिकडं बारीक आसाचं (छिद्राचं) जाळं ओढणारे ट्रॉलर एका फेरीत जेवढी पिल्लं उचलतात तेवढी आपण जन्मभर गळानं काढणार नाही. आधी त्यांना आवरा मग आमच्या इंचांचं बोला. पावसाळ्यात नको हे मात्र मान्य, पण ते वेगळ्या कारणानं, जूनमधे खडकावर उभं राहणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे.

मूळचा_देवगडचा

मी देवगडचा, नोकरीमुळे अकरा वर्षं लातूरला आहे, म्हणून दोन्हीकडचं थोडं माहिती आहे.

आधी कायद्याचं सांगतो कारण यात लोक फार गोंधळतात. आपल्याकडे १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, तो किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत लागू होतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते, वल्ह्याच्या-शिडाच्या पारंपरिक होड्यांना सूट असते. काठावरून गळ टाकणाऱ्याचा त्यात विचारच केलेला नाही, म्हणजे तुमचे मित्र कायद्याच्या हिशोबाने चुकत नाहीत. पण गावात विचारा, आमच्या आजोबांच्या वेळेला कागदावरची तारीख कोणी बघायचं नाही, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जायची नाही. आजही कितीतरी मच्छीमार म्हणतात की ३१ जुलै फार लवकर होते, बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत न्या. ज्यांचं पोट त्यावर आहे ते जास्त दिवस थांबायला तयार आहेत, मग आपण हौशी लोकांनी पळवाट शोधावी हे मला बरं वाटत नाही.

दुसरं, आकाराचं. २०२३ मधे महाराष्ट्राने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले, त्याच्या खालचा मासा पकडायचा आणि विकायचा नाही. पापलेटला १३५ मिलिमीटर आहे, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा पण झाला. पण पापलेट काय आपल्या गळाला लागत नाही, बोंबीलही नाही, ते जाळ्याचे मासे. म्हणून ती यादी बघा जरूर, आपला मासा त्यात असेल तर त्याच्या खाली जायचंच नाही, पण फक्त यादीवर विसंबू नका. ती मुख्यतः बाजारातल्या माशांसाठी आहे, खाडीच्या तोंडावर रॉड घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसासाठी नाही.

आणि विष्णुपुरीवाले दादा, ट्रॉलरचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, आमच्या गावात त्यावरून भांडणं झालेली मी बघितली आहेत. पण खाडीत ट्रॉलर येत नाही. खाडीतलं चोणकाचं पिल्लू कमी झालं तर ते आपण, पागवाले (हातानं जाळं फेकणारे) आणि कांदळवन तोडणारे, एवढ्यांनीच केलेलं असतं.

येलदरीची_लेक

मला या विषयावर खूप दिवसांपासून लिहायचं होतं, थोडं लांबेल.

आमचं गाव पूर्णा नदीच्या काठाला, येलदरी धरणाच्या वरच्या बाजूला. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्याला तांबडं पाणी येतं आणि मासे पाण्याच्या उलट वर चढायला लागतात, चढणीचे मासे म्हणतो आपण. लहानपणी सगळं गाव टोपल्या, साड्या, मच्छरदाण्या घेऊन ओढ्यात उतरायचं. एकदा आईसोबत मासे साफ करताना मी बघितलं, एका बऱ्यापैकी मोठ्या रोहूच्या पोटात नुसती अंडीच अंडी, मुठीत मावेनात, पिवळसर बारीक मोहरीसारखी. आई म्हणाली, "ही चढत होती ती अंडी घालायला, आपण मधीच धरली." ते वाक्य माझ्या मनातनं गेलेलं नाही.

तरीपण आपल्या धरणांत मासा संपत नाही, का? कारण दरवर्षी वरून बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं सोडतात. धरण आटलं, २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं तसं, तरी पाणी आल्यावर मच्छीमार संस्था पुन्हा बीज आणून टाकते आणि दोन-तीन वर्षांत कटला-रोहू परत दिसतात. त्यामुळं आपल्या मराठवाड्यातल्या गळवाल्यांच्या डोक्यात एक सवय बसलीय की मासा काढला तरी कोणीतरी भरून देणार. समुद्रात असं भरून देणारं कोणी नाही. तिथं बीज म्हणजे ती मोठी मादीच.

म्हणून माझं म्हणणं आहे की पैठणच्या दादांचा नियम अर्धाच आहे, तुम्ही खालची रेघ मारलीत पण वरची मारली नाही. चोणक, ज्याला रायगडकडं जिताडा म्हणतात, तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. ऑस्ट्रेलियात याला बारामंडी म्हणतात, तिकडं याच्यावर भरपूर अभ्यास झालाय, साधारण ५५-६० सेंटीमीटरला नर म्हणून वयात येतो आणि ८५ ते १०० च्या आसपास मादी होतो, वय सहा-आठ वर्षं. म्हणजे तुमचा सोळा इंची, ४० सेंटीमीटरचा चोणक हे अजून पोरगं आहे, एकदाही वीण झालेली नाही. आणि ज्याला धरून आपण फोटो काढतो तो मीटरभराचा मासा जवळपास नक्कीच मादी असते. क्वीन्सलँडमधे म्हणून दोन्ही रेघा आहेत, ५८ सेंटीमीटरच्या खालचा सोडायचा आणि १२० च्या वरचाही सोडायचा, आणि त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी मासेमारी बंद, कारण तो तिकडचा विणीचा काळ. आपल्याकडं वीण पावसाळ्यात, त्यामुळं जून-जुलै बंद ठेवायचं तुमचं बरोबर आहे, जमलं तर ऑगस्टपण धरा.

हेकरू-गोबऱ्याचं (खडकातले मासे, इंग्रजीत ग्रुपर) मात्र बरोबर उलटं आहे, ते आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. सगळे मोठे काढले तर नरच उरत नाहीत. तेव्हा प्रत्येक माशाला एकच फूटपट्टी लावू नका.

मांजराकाठचा

ताई, चोणक आधी नर असतो हे मला आजच कळलं. गेल्या वर्षी मी आठ किलोचा काढला होता, गावभर फोटो फिरवला. आता वाईट वाटायलंय.

एक विचारायचं होतं, होडीतनं खोल पाण्यात जिग (धातूचं जड खोटं आमिष) टाकून हेकरू काढला तर त्याच्या तोंडातनं फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं असतं आणि सोडला तरी पालथा पडून तरंगतो. तो सोडून काय फायदा?

मूळचा_देवगडचा

ते त्याचं जठर असतं. खोलातून भरकन वर आणला की आतली हवेची पिशवी फुगते आणि जठराला बाहेर ढकलते. ते टोचू नका, बोटानं आत ढकलू नका. जड वजनाला उलटी क्लिप बांधून, जबड्याला धरून, परत खाली नेऊन सोडतात, दाब वाढला की पिशवी बसते. पण सगळ्यात बरं म्हणजे दोन मासे झाले की खोल जागा सोडायची. तिथं "पकडत राहू आणि सोडत राहू" हा प्रकार करू नये, सोडलेले बरेचसे मरतात.

काठावरच्या चोणकाला हा त्रास नाही, तो नीट सोडला तर जगतो. फक्त कोरड्या हातानं धरू नका, अंगावरचा चिकट थर जातो. मोठा मासा जबड्याला लटकवून फोटो काढू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. आणि लुअरचे (खोट्या आमिषाचे) तीन टोकांचे गळ काढून एकेरी लावा, गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मी चार वर्षं असंच करतोय, मासे सुटतात थोडे, पण फार नाही.

विष्णुपुरी_रॉड

ताईंचं वाचून रात्री भावाशी बोललो. ट्रॉलरबद्दलचं माझं मत बदललेलं नाही आणि बदलणार पण नाही. पण बोटुकलीचा मुद्दा लागला मनाला, आमच्याकडं विष्णुपुरी धरणाला हेच चालतं, बीज सोडलं का नाही एवढंच विचारतो आपण. वरची रेघ मला चालंल. खालची ६० सेंटीमीटर केली तर मात्र कितीतरी ट्रिपा रिकाम्या जातील, त्यापेक्षा तांबोशी, शिंगाळा, पालू यांच्यातनं माणशी एक मासा घरी न्यायला मोकळीक ठेवा. पोरांना काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

गोदाकाठ_पैठण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही बसलो, चौदापैकी अकरा आले होते. चोणक ६० ते ८० सेंटीमीटरमधलाच ठेवायचा, तो पण माणशी ट्रिपला एक. त्याच्या खालचा आणि वरचा दोन्ही पाण्यात. १ जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. विष्णुपुरीच्या दादांचं ऐकून बाकीच्या माशांत माणशी एकाची मोकळीक ठेवली, तांबोशीला बारा इंच तसेच राहिले. हेकरूवर एकमत झालं नाही, दोघं जण अडून बसलेत, त्यांना ताईंची पोस्ट वाचायला दिलीय.

जालन्याच्या एकाचं फ्लेक्सचं दुकान आहे, तो मीटरभर लांबीची पट्टी छापून द्यायलाय, ६० आणि ८० वर लाल रेघ, ओली करून खडकावर अंथरायची म्हणजे मासा तिच्यावर ठेवता येईल. एक शंका राहिली, माप शेपटीच्या टोकापर्यंत घ्यायचं का शेपटीच्या खाचेपर्यंत?

मूळचा_देवगडचा

चोणकाची शेपटी गोल असते, त्याला खाच नाहीच. तोंड बंद करून, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत घ्या. पट्टीच्या शून्यावर एक लाकडी ठोकळा चिकटवा, नाक त्याला टेकलं की मासा सरकत नाही. माझ्यासाठी पण एक छापून ठेवा, पैसे पाठवतो.