खगोलशास्त्रात पोस्टडॉक: अर्ज कधी, कुठे आणि डिग्रीचं काय?

ध्रुवमत्स्य:
पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी चालू आहे. प्रबंध मार्चमध्ये सादर होईल. पुढच्या सप्टेंबरपासून परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनपद) हवा आहे. गाइड म्हणतात, ऑगस्ट लागलाय, आत्ताच तयारीला लाग. जाहिराती कुठे बघायच्या? डिग्री हातात नसताना अर्ज चालतो का?

अरुंधती:
चालतो. बहुतेक ठिकाणी अट एवढीच असते की रुजू व्हायच्या तारखेआधी पीएचडी पूर्ण झालेली हवी. आपल्याकडे घोडं अडतं ते परीक्षकांच्या अहवालांवर; त्यात महिने जातात. त्यामुळे मार्चची तारीख पुढे ढकलू नका. व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) झाला की प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रासाठी लगेच अर्ज टाका, व्हिसाच्या कागदांत ते मागतात.

जाहिरातींसाठी मुख्य जागा एकच, एएएस (अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी) जॉब रजिस्टर. सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथे भर असतो. ईएसओ (युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी) फेलोशिपची मुदत साधारण ऑक्टोबरच्या मध्याला आणि नासा हबल फेलोशिपची नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवरही बघा.

सप्तर्षी:
शिफारसपत्रांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. सहसा तीन लागतात, आणि अर्ज बाद होतात ते बऱ्याचदा पत्र वेळेत न पोचल्याने. काही ठिकाणी तुम्ही अर्ज सबमिट केल्यावरच पत्र देणाऱ्यांना लिंक जाते, तीही कधी स्पॅममध्ये पडते. म्हणून स्वतःचा अर्ज आठवडाभर आधी भरा. तिघांनाही संस्था, मुदत आणि पत्र पाठवायची पद्धत असा एकच तक्ता सप्टेंबरात द्या. तिघंही एकाच संस्थेतले नकोत; बाहेरचा एक सहलेखक असला की पत्राला वजन येतं.

वेळेचा घोळ टाळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची रात्री 11:59 म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळी 9:29. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग तीच 10:29 होते.

संशोधन आराखड्यात झालेलं काम एका पानात आटपा, उरलेली पानं पुढच्या कामाला ठेवा. यूजीएमआरटी या पुण्याजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या बँड 3 चा (250 ते 500 मेगाहर्ट्झ) डेटा हाताळला असेल, तर नुसतं 'अनुभव आहे' लिहू नका. आयनोस्फियरमुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) येणारी कलाविचलनं (फेज एरर) कशी दुरुस्त केली, आरएफआय (माणसाच्या उपकरणांमुळे येणारा रेडिओ व्यत्यय) कसा काढला, डेटा प्रक्रियेची कोणती पाइपलाइन वापरली, हे सांगा. लोफार किंवा एसकेए-लो या कमी वारंवारतेच्या रेडिओ दुर्बिणींवर काम करणाऱ्या गटांना नेमकं हेच हवं असतं. आराखडा प्रत्येक ठिकाणी तोच पाठवू नका, निदान शेवटचा परिच्छेद तिथल्या गटाच्या कामाशी जोडा.

ध्रुवमत्स्य:
दोघांचेही आभार. एखादी ऑफर डिसेंबरातच आली आणि बाकीचे निकाल यायचे असतील तर?

अरुंधती:
एएएसचं धोरण असं आहे की 15 फेब्रुवारीच्या आधी होकार द्यायची सक्ती उमेदवारावर करू नये. अमेरिकेतल्या बऱ्याच संस्था ते पाळतात. युरोपात मात्र दोन आठवड्यांत उत्तर मागणारे भेटतात. तिथे मुदतवाढ लेखी मागा. त्याच दिवशी बाकीच्या ठिकाणी 'माझ्याकडे अमुक तारखेपर्यंतची ऑफर आहे, माझा अर्ज कुठे आहे?' अशी दोन ओळींची मेल टाका. यात गैर काही नाही, निवड समित्यांना ते सवयीचं आहे. आणि होकार दिलात की उरलेले अर्ज लगेच मागे घ्या, म्हणजे प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला ती जागा मिळते.