मदत हवी आहे: जुन्या स्प्लेंडरला इंजिन ऑइल 10डब्ल्यू30 की 20डब्ल्यू40?

गाडी स्प्लेंडर प्लस, 2014 ची, 68 हजार किमी झालेत. रोज खानापूर ते बेळगाव आणि परत, मागे दुधाचे दोन कॅन. महिन्यातून एकदा चोर्ला घाट.

कंपनीच्या पुस्तकात 10डब्ल्यू30 (ऑइलचा ग्रेड, आकडे मोठे तितकं ऑइल जाड), जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलंय. आजवर तेच टाकत आलो. आता मात्र दीड हजार किमीत साधारण 200 मिली ऑइल कमी होतंय. मिस्त्री म्हणाला, "जुनं इंजिन, 20डब्ल्यू40 टाका." टाकलं. कमी होणं थोडं थांबलं, पण पहाटेच्या गारठ्यात किक जड जाते आणि पहिला गिअर खट्कन पडतो. पिकअपही मंद वाटतो. तो माझ्या मनाचा खेळ असू शकतो.

पाहून झालेलं: ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला, खाली थेंब नाही. लेव्हल गाडी मेन स्टँडवर लावून, डिपस्टिक न पिळता बघतो. क्लच केबलचा प्ले बरोबर आहे, क्लच घसरत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर सकाळी पहिल्या स्टार्टला क्षणभर, नंतर नाही.

कारचं किंवा स्कूटरचं एमबी (कमी घर्षणाचं) ऑइल सुचवू नका, या गाडीत क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरेल. इंजिन खोलायला दिवाळीपर्यंत सवड नाही, आणि फुल सिंथेटिक परवडणार नाही.

तर तोवर मधला मार्ग म्हणून 10डब्ल्यू40 एमए2 (एमएचाच क्लचला जास्त पकड देणारा प्रकार) चालेल का? आणि फक्त पहिल्या स्टार्टचा धूर म्हणजे व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हजवळ ऑइल अडवणारे रबर) गेले समजायचं, की पिस्टनची रिंगही बघावी लागेल?