नॅसचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही. साठवलेले न गमावता आत कसे शिरावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयात सिनॉलॉजी कंपनीचा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवण्याचे यंत्र, आहे. जुनी मासिके आणि दिवाळी अंक स्कॅन करून त्यावर ठेवण्याचे काम आमचे एक ज्येष्ठ सभासद एकहाती करीत असत. दोन महिन्यांपूर्वी त्यांचे निधन झाले. त्यांच्या वहीत सापडलेला पासवर्ड चालला नाही, म्हणून आम्ही अंदाजाने दहा-बारा पासवर्ड टाकून पाहिले आणि आता कार्यालयातील संगणकालाच नॅसने अडवले आहे. स्कॅनरजवळच्या संगणकावर नॅसशी जोडलेला ‘झेड’ ड्राइव्ह मात्र अजून उघडतो. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी ‘फॉरमॅट करावे लागेल’ असे सांगितले. मागच्या बाजूला रिसेटचे बारीक छिद्र आहे, पण ते दाबल्यास पाच वर्षांचे काम पुसले जाईल अशी कार्यकारिणीला भीती वाटते. उद्या नॅस बंद करून डिस्क बाहेर काढाव्यात असा विचार आहे. योग्य ठरेल का?

उत्तर १

कृपया नॅस बंद करू नका. झेड ड्राइव्ह उघडतो आहे, याचा अर्थ त्या संगणकाच्या विंडोजमध्ये कोणत्या तरी खात्याचा पासवर्ड साठवलेला आहे आणि तुमचे एक दार अजून उघडे आहे. आधी एक बाह्य हार्ड डिस्क आणून सर्व फाइली तिच्यावर उतरवून घ्या, दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा आणि वेगवेगळ्या वर्षांचे दहा-पंधरा अंक प्रत्यक्ष उघडून बघा.

घाई करू नका म्हणण्याचे कारण असे, की सिनॉलॉजीवर सामायिक फोल्डर एन्क्रिप्ट करता येतो, म्हणजे किल्लीवाचून (गुप्त संकेत वा त्याची फाइल) वाचता येणार नाही असा करता येतो, आणि असा फोल्डर एकदा किल्ली देऊन उघडला की यंत्र चालू असेपर्यंत साध्या फोल्डरसारखाच दिसतो. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि किल्ली आपोआप लावण्याची सोय केलेली नसली, तर तो कुलूपबंद होतो. तुमच्याकडे तसे आहे की नाही हे बाहेरून कळणार नाही, म्हणून तसे असेलच असे धरून चाला. शिवाय झेड म्हणजे केवळ एक सामायिक फोल्डर असतो. फाइल एक्स्प्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि नॅसचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा क्रमांक) टाकल्यास बाकीच्यांची यादी दिसेल.

अडवलेल्या संगणकाची चिंता नको. पाच मिनिटांत दहा वेळा चूक झाली की तो आयपी पत्ता रोखायचा, अशी तेथे मूळचीच व्यवस्था असते. संगणकाचा पत्ता बदलला की अडथळा दूर होतो. मात्र अंदाजाने पासवर्ड टाकणे आता थांबवा, नाहीतर स्कॅनरचा संगणकही याच वाटेने जाईल.

उत्तर २

वरील सूचनेप्रमाणे प्रत हाती आली की पुढचे काम सोपे आहे. प्रत्येक डिस्कवर प्रणालीचा विभाग वेगळा आणि तुमच्या फाइलींचा विभाग वेगळा असतो. पासवर्ड पहिल्यात राहतो, अंक दुसऱ्यात. त्यामुळे पासवर्ड घालवण्यासाठी फॉरमॅट करणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणे होय.

यंत्र चालू असताना त्या छिद्रात पेपरक्लिपचे टोक घालून बटण सुमारे ४ सेकंद दाबा आणि एक ‘बीप’ ऐकू येताच लगेच सोडा. यामुळे ‘अ‍ॅडमिन’ हे खाते मूळ स्थितीत येते आणि नेटवर्कची मांडणी मूळपदावर जाते. फाइली आणि इतर खाती जागच्या जागी राहतात. आयपी पत्ता बदलू शकतो, म्हणून ‘सिनॉलॉजी असिस्टंट’ या नेटवर्कवर नॅस शोधणाऱ्या प्रोग्रामने यंत्र शोधा, ‘अ‍ॅडमिन’ हे नाव लिहून पासवर्डची जागा कोरी ठेवा आणि आत जाताच नवा पासवर्ड द्या. बीप वाजल्यानंतर १० सेकंदांच्या आत बटण पुन्हा दाबून धरले, तर तीन बीप होतात आणि मग प्रणालीच नव्याने बसवावी लागते. त्यातही फाइली पुसल्या जात नाहीत, परंतु खाती आणि मांडणी जाते; तुम्हाला त्याची गरज नाही.

एकच अट. या रिसेटने एन्क्रिप्ट केलेले फोल्डर बंद होतात आणि किल्लीवाचून उघडत नाहीत. प्रशासकाचा पासवर्डही तेथे उपयोगी पडत नाही. म्हणून बटणाला हात लावण्यापूर्वी त्या सभासदांचे पेनड्राइव्ह, ईमेल आणि कागद धुंडाळून ‘डॉट की’ने (.key) संपणारी फाइल, म्हणजे फोल्डरची किल्ली, आहे का, हे पाहा. ही कृती सिनॉलॉजीची आहे. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या नॅसवर बटण दाबण्याचा वेळ आणि परिणाम दोन्ही वेगळे असतात, तेव्हा इतर वाचकांनी ती जशीच्या तशी करू नये.

उत्तर ३

डिस्क काढण्याविषयी थोडे. यंत्रच मेले तर तो मार्ग योग्य आहे, आज नव्हे. त्या डिस्कवर लिनक्सची रचना असल्याने विंडोजला ती समजत नाही आणि डिस्क जोडताच ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का, असे ते विचारते. तेथे कोणी सवयीने होकार दिला की खरे नुकसान सुरू होते. तशी वेळ आलीच, तर उबुंटू ही लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडावी.

आणखी एक, तांत्रिक नसलेले: बटण दाबण्यापूर्वी कार्यकारिणीचा ठराव करून घ्या आणि दोन सभासदांना समोर बसवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. झेडवरील प्रत काढायला दोन रात्री लागल्या. यादीत ‘मूळ स्कॅन’ नावाचा आणखी एक फोल्डर दिसला, पण साठवलेल्या खात्याला तो उघडण्याची परवानगी नव्हती. त्यांच्या घरच्यांनी दिलेल्या पेनड्राइव्हवर त्याच नावाची ‘डॉट की’ फाइल मिळाली, तेव्हा शंका खरी ठरली. ती दोन ठिकाणी उतरवून ठेवल्यावरच रविवारी बटण दाबले. एक बीप झाला, नवा पासवर्ड दिला, आणि तो फोल्डर कुलूप लावलेला दिसला. किल्लीची फाइल देताच उघडला. आता त्याचीही प्रत चालू आहे. दोन प्रशासक खाती केली असून त्यांचे पासवर्ड व किल्ली असलेला बंद लिफाफा कार्यवाहांच्या कपाटात ठेवला आहे. मूळचे ‘अ‍ॅडमिन’ खाते पुन्हा निष्क्रिय करावे काय?

उत्तर २

होय. नव्या दोन्ही खात्यांनी एकदा आत जाऊन पाहा, मगच ते निष्क्रिय करा.