आप्पांच्या पेनड्राइव्हवर काय भरू? (हसायचं, खेळाचं, भक्तीचं, काहीही चालेल)

फलटणची_लेक

आमचे आप्पा ७४ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. गेल्या महिन्यात न्हाणीत पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालंय, वॉकर धरून सोप्यापर्यंत येतात, पण पायऱ्या उतरायला अजून दीड महिना बंदी. म्हणजे यंदा लोणंदपासून फलटणपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर चालणं गेलंच. बोलत काही नाहीत, पण कॅलेंडरचं पान दोनदा उलटून बघितलं ते मी पाहिलं.

मी हडपसरला असते, दर शनिवारी जाते. घरात टीव्ही आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. नेटचा मात्र आनंद आहे, मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवला तर दोन काड्या येतात. म्हणून म्हटलं, चांगले व्हिडिओ भरून न्यावेत.

आता अडचण अशी की आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज वीस-पंचवीस व्हिडिओ पडतात आणि आप्पा त्यातला एकही उघडत नाहीत. परवा विचारलं तर म्हणाले, "ते कुणी कुणाला पाठवलेलं असतंय. तू स्वतः बघितलेलं काय असंल तर दाव." आणि खरं सांगायचं तर मीही त्यातले निम्मे न बघताच पुढे ढकललेले आहेत.

तर मंडळी, तुम्ही स्वतः पुन्हा पुन्हा बघता असं काय आहे? लिंक नको, काय आहे आणि का बघता ते सांगा. मी आधी बघेन, मग नेईन.

एक फर्माईश आप्पांची स्वतःची आहे: १९८३ चं कपिल देवचं झिम्बाब्वेविरुद्धचं १७५. डेपोतल्या टीव्हीवर बघितलंय म्हणतात. मला मिळत नाहीये.

कडा_आष्टी

ताई, १७५ शोधू नका. तो सामना टीव्हीवर दाखवलाच नव्हता, चित्रीकरणच नाही. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्सचं मैदान, १७ धावांत ५ गडी बाद आणि तिथून ६० षटकांत २६६. जे आहे ते धावफलकात, फोटोंत आणि मैदानावर असलेल्या लोकांच्या आठवणीत. आप्पांनी अंतिम सामना बघितला असेल, तो दूरदर्शनवर होता.

त्याऐवजी आमच्या तालुक्याचा माणूस न्या. अविनाश साबळे, मांडव्याचा. बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा, ऑगस्ट २०२२, तीन हजार मीटर स्टीपलचेस. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: साडेसात फेऱ्यांच्या आसपासची शर्यत, वाटेत २८ वेळा आडवे ओंडके आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. ओंडका तीन फुटांचा, पाय अडकला तर तो पडत नाही, तुम्ही पडता.

१९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दरवेळी केनियाच घेऊन जायचा. इथं तीन केनियन आणि आपला एक. मी हा व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे, आणि दरवेळी शेवटच्या ओंडक्यानंतर मला वाटतं की आज गाठतोय. केनियाचा किबिवॉट ८:११.१५, साबळे ८:११.२०. पाच शतांश सेकंद. निकाल पाठ आहे तरी खुर्चीतून उठतोच. आमची म्हातारी तर टीव्हीला म्हणते, "पळ की रं लेकरा, मागं काय बघतोस." तो मागं बघतच नाही, पण म्हातारीला कोण सांगणार.

विहीरवाला

७४ वर्षांच्या माणसाला दिवसभर टीव्हीपुढे बसवायचं हा उपाय आहे का? ओट्यावर खुर्ची टाका, येणारे-जाणारे दिसतील. आमच्या वेळी पेनड्राइव्ह नव्हते.

फलटणची_लेक

@कडा_आष्टी, वा! साबळेची शर्यत आत्ता बघितली. चहा उतू गेला.

@विहीरवाला, ओटा पाच पायऱ्या खाली आहे हो. आणि दिवसभर नाही, दुपारची झोप उडते तेव्हाचे दोन तास. तेवढ्या वेळात ते आईला तीन वेळा विचारतात की भाजी कुठनं आणली. हा धागा आईसाठीही आहे असं समजा.

चिकोडीकर

पालखी चुकलीय म्हणता, तर रिंगण न्या. लोणंदच्या पुढं, तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब, तिथलं उभं रिंगण. आप्पांना मी काय सांगू, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलेलं असणार. पण व्हिडिओ निवडताना एक करा, ड्रोनवाला घेऊ नका. ड्रोनमधून रांगोळी दिसते, छान दिसते, पण वरून गाणं चिकटवलेलं असतं आणि सगळं गुळगुळीत. दिंडीत उभ्या असलेल्या कुणीतरी मोबाईलवर काढलेला शोधा. त्यात हात हलतो, पुढच्याचं डोकं मधे येतं, निम्मा वेळ पताकाच दिसते. पण टाळ-मृदंग खरे ऐकू येतात. मग एकदम "माउली, माउली" असा गलका उठतो, पताकावाला स्वार जातो, पाठोपाठ माउलींचा मोकळा अश्व, आणि तो गेल्या गेल्या लोक खाली वाकून टापांची माती कपाळाला लावतात. ती वाकलेली पाठ ड्रोनला दिसत नाही.

आमच्याकडचे म्हणून सांगतो, हे घोडे आमच्या अंकलीचे, शितोळे सरकारांच्या वाड्यातले. तिथून आळंदीपर्यंत चालत जातात. गावातून निघतात तेव्हाचा माझ्याकडं मी काढलेला चार मिनिटांचा व्हिडिओ आहे, वाकडातिकडा आहे. चालत असेल तर पाठवतो.

फलटणची_लेक

चालत असेल तर? आजच पाठवा!

मुक्काम_न्यूजर्सी

काही तांत्रिक गोष्टी, कारण मी हे आईसाठी दोन वर्षं करतोय (ती सांगलीत).

यूट्यूबच्या ॲपमध्ये डाउनलोड केलेला व्हिडिओ ॲपमध्येच दिसतो, पेनड्राइव्हवर काढता येत नाही. त्यामुळे ते टॅबवर उतरवून न्या, नेट नसलं तरी चालतील, फक्त अधूनमधून टॅब नेटला लावावा लागतो. पेनड्राइव्ह घरच्या आणि लोकांनी स्वतः काढून दिलेल्या व्हिडिओंसाठी ठेवा. चिकोडीकर, तुम्ही तो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवलात तर त्याचा चुरमा होईल. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. टीव्हीने फाइल वाचली नाही तर पेनड्राइव्ह कसा फॉरमॅट केलाय ते बघा, फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही.

आणि जिथे नेट आहे तिथे ऑटोप्ले बंद करा. हे मी अनुभवातून सांगतोय. आईला एक हरिपाठ लावून दिला होता. हरिपाठानंतर एक भजन, भजनानंतर गुडघेदुखीवर घरगुती तेल, तेलानंतर कुणीतरी जगबुडीची तारीख सांगत होता. मी फोन केला तर ती म्हणाली, "तू इकडे कधी येतोस? दिवाळीपर्यंत काही खरं नाही."

आम्ही आता रविवारी एकत्र बघतो. माझी सकाळ साडेआठ, तिची संध्याकाळ सहा. फोन स्पीकरवर ठेवायचा, तीन म्हटलं की दोघांनी बटण दाबायचं. ती नेहमी दोनवरच दाबते. मग हास्यजत्रेत प्रत्येक विनोदावर ती माझ्याआधी एक सेकंद हसते आणि मला कळतं की आता काहीतरी येणारेय. सवय झालीय, आता एकट्याने बघितलं तर विनोद अचानक आल्यासारखा वाटतो.

रानजाई

वाचनखूण साठवली. हसण्यासाठी माझं मत: विकतचं काही नको, घरचं लग्न लावा. नव्वदच्या दशकातली कॅसेट असेल तर सोन्याहून पिवळी.

फलटणची_लेक

शनिवारी जाऊन आले, वृत्तांत देते.

साबळे तीन वेळा लावला. तिसऱ्या वेळी आप्पा म्हणाले, "शेवटच्या वळणाला आत जागा होती, ओव्हरटेक बाहेरनं घेतला." ३४ वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्याला कोण काय सांगणार.

कपिलबद्दल सांगितलं की चित्रीकरणच नाही. बराच वेळ गप्प. मग, "तुझ्या मोबाईलात नसंल." विषय संपला.

मग चिकोडीकरांचा अंकलीचा व्हिडिओ आणि त्याला जोडून चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, मोबाईलवर काढलेलं, हात हलणारं. आईने टीव्हीला हात जोडले. आप्पा वॉकर धरून उभे राहिले, मी ओरडणार होते, ओरडले नाही. घोडा गेला. मला वाटलं आता डोळ्याला धोतराचं टोक लावतील. तर म्हणाले, "मागं घे जरा." घेतलं. "अजून मागं. हां, थांब." घोडा, स्वार, दिंडी सगळं राहिलं बाजूला. कोपऱ्यात लिंबाआड एक लाल गाडी उभी होती, अर्धीच दिसत होती. तिचा मागचा बंपर बघून आप्पांनी ती कुठल्या डेपोची ते सांगितलं, ती गाडी चढाला दम खाते हेही सांगितलं, आणि तिच्यावर कोण ड्रायव्हर असायचा तो अजून आहे का, हे विचारायला स्वतः फोन लावला. मोबाईल घेऊन गजापाशी अर्धा तास बोलत होते. आईने तेवढ्यात भाजी निवडून घेतली, कुठनं आणली हे कुणी विचारलं नाही.

@रानजाई, तुमच्यामुळे माळा काढला. १९९४ ची आत्याच्या लग्नाची कॅसेट सापडली. आप्पा बिलावरून बँडवाल्याशी भांडतायत आणि व्हिडिओवाल्याने त्यांचं तोंड बदामाच्या आकारात घालून वर गुलाबाच्या पाकळ्या पाडल्यात, ती हीच. सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे, पण वीस वर्षांत कुणी बघितलेली नाही. वास मात्र कुबट येतोय. शेजाऱ्यांकडे जुना प्लेअर आहे, घालून बघू का?

मुक्काम_न्यूजर्सी

थांबा! कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा जाळं दिसतंय का? दिसत असेल तर ती बुरशी. प्लेअरमध्ये घातली तर टेपही जाईल आणि प्लेअरही. कोरड्या जागी उभी ठेवा आणि कॅसेट साफ करून उतरवून देणाऱ्याकडेच द्या.

फलटणची_लेक

ठिपके आहेत. आप्पांनी कॅसेट माझ्या हातातून काढून घेतली आणि देवघराशेजारी उभी करून ठेवलीय. पुण्यात हे काम करणारं कुणी माहीत असेल तर सांगा, पुढच्या शनिवारी मी ती मांडीवर घेऊन एसटीनेच येणार आहे.