मदत हवी आहे: नोव्हेंबरच्या गार पाण्यात स्नूक लागेनासा झाला आहे (नेदरलँड्स)

पोल्डरकाठ:
नमस्कार मंडळी. मी अमस्टेलफेनमध्ये राहतो. स्नूक, म्हणजे इंग्रजीत ज्याला पाइक म्हणतात तो मासा, सप्टेंबरमध्ये घरामागच्या पाण्यात मला पाच वेळा मिळाला. गेले तीन आठवडे मात्र त्याच जागी आणि त्याच आमिषावर एकही लागलेला नाही. येत्या शनिवारी धाकटा भाऊ मालवणहून येतो आहे आणि स्नूक दाखवीन असा शब्द मी त्याला देऊन बसलो आहे. थंडीत मासे सुस्तावतात हे मला ठाऊक आहे. नेमके काय बदलावे तेवढेच कृपया लवकर सांगावे.

मासकाठी (रॉटरडॅम):
पाणी किती खोल आहे, आमिष कोणते वापरता, ते किती वेगाने ओढता आणि पाण्याचे तापमान किती आहे, हे कळल्याशिवाय काय सांगणार? मासेमारीचा पास, म्हणजे परवाना, कोणता आहे, तेही लिहावे.

सरोवरप्रेमी (मिनेसोटा):
उत्तर सोपे आहे: खोल पाण्यात जा. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे शरदात वरचा थर गार होऊन खाली बसतो, सरोवराचे पाणी ढवळून निघते आणि मोठे पाइक काठ सोडून उताराच्या कडेला जातात. आमच्याकडे मी सहा-सात मीटरवर आमिष ठेवतो.

मासकाठी:
तुमचे म्हणणे सरोवरापुरते बरोबर आहे, परंतु पोल्डरमधल्या, म्हणजे बांध घालून पाण्यातून काढलेल्या सखल जमिनीतल्या, चरांची खोली बहुतेक ठिकाणी कमरेएवढीसुद्धा नसते. तिथे थर पडत नाहीत, मग सहा मीटर आणायचे कुठून? इथे प्रश्न खोलीचा नसून लहान माशांच्या ठावठिकाण्याचा आहे. पाणवनस्पती कुजून खाली बसल्या की ती पिल्ले आडोशासाठी पुलाखाली, बांधलेल्या बोटींखाली आणि चर रुंद होतो त्या कोपऱ्यात गोळा होतात. स्नूक त्यांच्या मागोमाग जातो.

उजनीकर:
मी पाइक पाहिलेला नाही, पण आमच्या उजनीच्या मरळीसारखाच हा दबा धरणारा मासा दिसतो. मरळीला जिवंत बेडूक किंवा जिवंत लहान मासा लावला की ती सोडत नाही. हाच उपाय करून पाहावा.

मासकाठी:
उजनीकर, मरळीची तुलना योग्य आहे, पण नेदरलँड्समध्ये जिवंत मासा आमिष म्हणून लावण्यास बंदी आहे. कृपया नवख्या माणसाला हा सल्ला देऊ नये.

पोल्डरकाठ:
पाणी मीटरभर खोल असेल. तापमान कधी मोजलेले नाही. लहान चांदीचा स्पिनर (ओढताना फिरणारे धातूच्या पात्याचे आमिष) वापरतो आणि सप्टेंबरमध्ये ओढत होतो तसाच भरभर ओढतो. पास छोटा आहे. आणखी एक गोष्ट, जी मला तितकी महत्त्वाची वाटली नव्हती: या तीन आठवड्यांत दोनदा जोराचा झटका बसून तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) तुटला आणि स्पिनर गेला. खाली काहीतरी अडकले असावे. आता तरी उपाय सांगावा.

मासकाठी:
ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. तुटलेले टोक खरखरीत आणि विंचरल्यासारखे होते का? तसे असेल तर तो अडथळा नसून स्नूकच होता, आणि तुमचा स्पिनर आता त्याच्या जबड्यात आहे. त्याच्या दातांपुढे नुसता तंगूस टिकत नाही. आमिषाच्या आधी किमान तीस सेंटिमीटर पोलादी तार लावल्याशिवाय कृपया पुन्हा गळ टाकू नये. दुसरे म्हणजे, छोट्या फिसपासवर एकच काठी आणि ब्रेड, बटाटा, चीज, गांडूळ अशी ठरावीक आमिषे चालतात. स्पिनर किंवा मेलेला मासा चालत नाही. शनिवारच्या आत पूर्ण फिसपास काढावा आणि फिसप्लॅनर अ‍ॅपवर तुमचा चर त्या पासात येतो का ते पाहावे.

काटेनिवारक:
या माशात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे असतात. पाठीकडून तिरका काप घेतला तर ती ओळ अखंड निघते. उरलेल्या मांसाचे आले-मिरची घालून कटलेट फार चांगले होतात.

मासकाठी:
पाककृतीबद्दल आभार, परंतु इथल्या बहुतेक संघटनांच्या पाण्यात स्नूक परत सोडावाच लागतो.

उत्तरवारा (गोतेबोर्ग):
मेलेल्या माशाच्या आमिषाकडे सगळे वळण्याआधी मी रबरी माशाची बाजू मांडतो. वीस सेंटिमीटरचा रबरी मासा हलक्या वजनावर इतका सावकाश ओढावा की शेपूट जेमतेम हलेल, आणि मध्येच तीन-चार सेकंद थांबावे. गार पाण्यात पाइक पाठलाग करत नाही. पण तोंडासमोर सहज मिळणारे सोडतही नाही. काठावर बसून तरंगा बघण्यापेक्षा यात जास्त पाणी तपासून होते.

मासकाठी:
दहा अंशांपर्यंत मी तुमच्या बाजूने आहे. पाणी सहा-सात अंशांवर उतरले की माझा भरवसा तरंग्याखाली टांगलेल्या मेलेल्या स्पीरिंगवर (इथला एक लहान चंदेरी मासा) किंवा अर्ध्या बांगड्यावर असतो, कारण तेलकट वास गारठ्यातही पसरतो आणि आमिष जागेवरून हलत नाही. वरचा गळ शेपटीच्या मुळाशी आणि खालचा कुशीत लावावा. स्नूक मासा आडवा पकडतो आणि मग फिरवून डोक्याकडून गिळतो. म्हणून तरंगा सरकू लागताच, त्याला गिळायला वेळ न देता, लगेच काठी उचलावी. वाट पाहिली तर गळ पोटात जातो आणि मासा मरतो. लांब चिमटा, तार कापायची कात्री आणि ओली चटई जवळ नसेल तर घरीच थांबलेले बरे.

उत्तरवारा:
लगेच काठी उचलण्याबाबत माझे काहीही दुमत नाही. वेळेबद्दल एक भर घालतो: पहाटेचा हट्ट धरू नये. या दिवसांत मला बहुतेक मासे दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान मिळाले आहेत.

पोल्डरकाठ (रविवारी):
सर्वांचे मनापासून आभार. पूर्ण पास काढला आणि बिनकाट्याचे गळ व तार घेतली. घरामागच्या चरात तापमापक बुडवला तर सहा अंश होते. ती जागा सोडून आम्ही अर्ध्या किलोमीटरवरच्या पुलापाशी गेलो, कारण तिथे दोन बोटी बांधलेल्या असतात आणि पाण्यावर बारीक माशांचे बुडबुडे दिसत होते. बारा ते दीड काहीच घडले नाही. मग तरंगा बुडाला नाही, तो आडवा बोटीकडे चालू लागला, अगदी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. भाऊ "थांब, गिळू दे" म्हणत होता, कारण मालवणात गरवताना तो तसेच करतो. मी तुमचे ऐकून काठी उचलली. मासा ६८ सेंटिमीटरचा होता. गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता आणि चिमट्याने एका झटक्यात निघाला. पण दुसऱ्या बाजूला, खालच्या ओठात, गंजू लागलेला माझाच चांदीचा स्पिनर होता आणि त्याला वीतभर तंगूस लोंबत होता. तोही काढला. शेपटीपाशी धरून पाण्यात ठेवल्यावर तो मिनिटभर स्थिर राहिला आणि मग बोटीखाली गेला.

स्पिनरच्या जागी ओठाला पांढरट जखम होती. ती गार पाण्यात भरून येते का, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास कृपया लिहावे. दुसरा स्पिनर अजून कुठेतरी आहे.