लसीकरण १०० टक्क्यांच्या वर कसं जातं? आणि मग ही सुटलेली मुलं कुठली?

गोवंडीची_बालवाडी
गोवंडीत बालवाडीचं काम करते. मधे एका मीटिंगला आमच्या भागाचा तक्ता दाखवला, पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) तिसरा डोस १०० टक्क्यांच्या वर!! आणि आमच्याच गल्लीत दीड वर्षाची होऊनही एमआर (गोवर-रुबेलाची लस) न मिळालेली मुलं मी रोज बघते, काहींना तर जन्मापासून एकही सुई नाही. कोणी मुद्दाम खोटं लिहितंय असं मला वाटत नाही, सिस्टर आणि आरोग्य सेविका उन्हातान्हात फिरतात ते डोळ्यासमोर आहे. मग हा आकडा येतो कुठून? २०२२ ला गोवराची साथ इथे बघितलीय, परत ते नको म्हणून विचारतेय. आणि आपल्याला आपल्या वस्तीपुरतं खरं कव्हरेज काढता येतं का?

जुनी_एएनएम
ताई, कोणी खोटं न लिहिताही असं होतं. टक्केवारीत वर असतात दिलेले डोस, ते टॅली शीटवरून, म्हणजे सेशनला प्रत्येक डोसमागे खूण करायच्या कागदावरून मोजलेले. खाली असतं टार्गेट, म्हणजे वर्षभरात किती बाळं असतील त्याचा अंदाज, आणि हा अंदाज लोकसंख्येवरून काढतात. शेवटची जनगणना २०११ ची. त्यानंतर तुमच्याकडे किती खोल्या वाढल्या, किती भाडेकरू आले गेले ते त्यात नाहीच. समजा टार्गेट ५०० आणि डोस दिले ५२०, झाले १०४ टक्के. पण मुलं खरंतर ६५० असतील तर कव्हरेज ८० टक्के, आणि १३० मुलं कागदावर कुठेच नाहीत.

त्यात मुंबईचं आणखी एक. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बाळाचे पहिले डोस गावाला आणि पुढचे इथे, म्हणजे मूल एका रजिस्टरला आणि डोस दुसऱ्या. शेजारच्या हद्दीतली बाई सेशन जवळ पडतं म्हणून तुमच्याकडे येते, तो डोसही तुमच्याच आकड्यात. उलट प्रायव्हेट डॉक्टरकडे दिलेले बरेचसे डोस सरकारी रिपोर्टला येतच नाहीत. त्यामुळे आकडा कधी फुगतो कधी बसतो.

टक्केवारी_मास्तर
वरचं अगदी बरोबर. म्हणूनच जगभर रिपोर्टच्या जोडीला घरोघरी सर्व्हे करतात. आपल्याकडे एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे) आहे, त्यात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचं लसीकरणाचं कार्ड बघतात, कार्ड नसेल तर आईला विचारतात. संपूर्ण लसीकरण २०१५-१६ ला देशात ६२ टक्के होतं, २०१९-२१ ला ७६.४. पण फक्त कार्ड असलेली मुलं घेतली तर तोच आकडा ८३.८ होतो. कार्ड कुठे ठेवलंय यावरून एवढा फरक पडतो, कारण चार मुलांच्या आईला कुठली सुई कुठल्या मुलाला कधी दिली हे नेमकं कसं आठवणार.

आणि ताई, हा सर्व्हे गोवंडीबद्दल काही सांगत नाही. तो जिल्ह्याचा आकडा देतो, गोवंडी मुंबई उपनगर जिल्ह्यात, म्हणजे जुहू, मुलुंड आणि तुमची गल्ली एकाच सरासरीत. देशभर साधारण ६ लाख ३७ हजार घरं आणि ७०७ जिल्हे, म्हणजे जिल्ह्याला जेमतेम ९०० घरं, त्यात एक ते दोन वर्षांची मुलं किती सापडणार? २५ पेक्षा कमी असली तर ते आकडा छापतच नाहीत.

घरोघरी सर्व्हेची डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना) जुनी पद्धत ३० क्लस्टर, म्हणजे निवडलेल्या वस्त्या, गुणिले ७ मुलं, एकूण २१०. त्यात आकडा साधारण १० टक्के वरखाली होऊ शकतो हे आधीच धरलेलं असायचं. शिवाय वस्तीच्या मधून सुरुवात करून शेजारशेजारची घरं घेत जायचे, म्हणजे नाल्याच्या कडेची, फुटपाथवरची घरं हमखास राहायची. आता नव्या मॅन्युअलमधे घरांची यादी करून त्यातून चिठ्ठी काढल्यासारखी निवड करायला सांगतात.

पैसा_आणि_आकडा
एक मुद्दा राहिला. गावी (Gavi) ही लसींसाठी मदत करणारी जागतिक संस्था २००० नंतर काही वर्षं गरीब देशांना वाढीव लसीकरण झालेल्या दर मुलामागे २० डॉलर द्यायची, आणि मोजणी देशांच्या स्वतःच्या रिपोर्टवरून. २००८ मधे लॅन्सेटमधल्या अभ्यासात सरकारी आकडे सर्व्हेशी ताडून बघितले तर बऱ्याच देशांचे रिपोर्ट फुगलेले निघाले. आकड्यावर बक्षीस किंवा मेमो लावला की आकडा वाढतो, मूल तिथेच राहतं. आपल्याकडेही टार्गेट कमी पडलं म्हणून खालच्या सिस्टरला झापणं बंद व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जुनी_एएनएम
ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच. हो, वस्तीपुरतं काढता येतं आणि टक्केवारीपेक्षा ते जास्त उपयोगी आहे. टार्गेट विसरा. हेडकाउंट करा, प्रत्येक खोली, पोटमाळा, भाड्याची खोली, बांधकामावरची झोपडी, दोन वर्षांखालचं प्रत्येक मूल नावानिशी वहीत. कार्ड मागा आणि टिकमार्क नको, तारीख लिहा. पेंटा ६, १०, १४ आठवड्यांना असते आणि दोन डोसमधे निदान चार आठवडे लागतात, तारखेशिवाय हे कळत नाही. कार्ड गावाला असेल तर फोनवर फोटो मागवा. पोलिओच्या मोहिमेला डाव्या करंगळीवर शाई असायची, स्टेशनवर, बाजारात कुठेही मूल बघून कळायचं. नियमित लसींना तशी खूण नाही, दंडावरचा बीसीजीचा (क्षयाची लस) व्रण तेवढा, आणि तोही प्रत्येकाला उठत नाही.

मग वहीत दोन गट वेगळे करा. पेंटा १ झाली पण ३ नाही ते ड्रॉपआउट, त्यांना दवाखाना माहितीये, त्यांना बोलवावं लागतं. पेंटा १ सुद्धा नाही ते झिरो डोस, त्यांच्या घरी बसून बोलावं लागतं. २०२३ साठी भारतात अशी झिरो डोस मुलं १६ लाखांच्या आसपास आहेत असा डब्ल्यूएचओ-युनिसेफचा अंदाज होता. गोवर अडवायला एमआरचे दोन्ही डोस ९५ टक्क्यांच्या वर हवेत आणि तेही प्रत्येक वस्तीत, जिल्ह्याची सरासरी काय कामाची.

गोवंडीची_बालवाडी
खूप मदत झाली. रविवारी दोन बायका सोबत घेऊन आमच्या गल्लीपासून सुरू करतोय. पण जी कुटुंबं चार महिन्यांनी खोली बदलतात त्यांची नावं वहीत ठेवायची की काढायची?

जुनी_एएनएम
ठेवा. जाताना नवा पत्ता आणि फोन नंबर लिहून घ्या आणि तिकडच्या हेल्थ पोस्टला कळवा. नाव काढलं की ते मूल पुन्हा कुठल्याच यादीत नसतं.